केंद्रत्यागी

दोरी सोडायची होती, आणि प्रतीक्षाच्या हातून ती सुटेना.

खरं तर त्यात अवघड असं काही नव्हतं. वर्गासमोर उभं राहायचं, दोरीच्या टोकाला बांधलेलं रबरी बूच डोक्यावर गरागरा फिरवायचं, पोरांना विचारायचं की सोडलं तर कुठं जाईल. पोरं एका सुरात 'बाहेर' म्हणाली की सोडून द्यायचं. बूच बाहेर जात नाही. ज्या क्षणी सुटतं त्या क्षणी त्याचं तोंड जिकडं असेल तिकडं सरळ जातं, वर्तुळाला नुसतं चाटून. मग पोरं 'अरे' म्हणतात, आणि त्या 'अरे'वर पुढचा अर्धा तास उभा करता येतो. कलबुर्गीच्या त्या कॉलेजात अकरावीला पदार्थविज्ञान शिकवायला लागल्यापासून ती दरवर्षी हे करत आली होती. आज तर नुसती परीक्षेआधीची उजळणी. पण बूच फिरत होतं, हवेत बारीक घूं घूं होत होतं, दोरी तर्जनीत रुतत होती, पोरं 'बाहेर' म्हणून मोकळी झाली होती आणि तिची मूठ उघडत नव्हती. तिनं मुठीला सांगितलं, उघड. मूठ दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी तशीच. मागच्या बाकावरून कुणीतरी कन्नडमधून ओरडलं, "बिडरी मिस, बिडरी!" सोडा की, सोडा. सगळा वर्ग हसला. तिलाही आपण हसल्यासारखं वाटलं. मग हळूहळू हात थकला, बूच खाली खाली येत वर्तुळ लहान झालं, आणि शेवटी ते तिच्याच खांद्यावर आपटून लोंबकळत राहिलं.

पहिल्या बाकावरची शिवगंगा उभी राहिली. अफजलपूरकडची पोर, दहावीपर्यंत कन्नड माध्यमातून शिकलेली, इंग्रजी शब्द आला की आधी मनात कन्नडमध्ये उलटून बघणारी. तिनं विचारलं, "मिस, आमच्या पुस्तकात ह्या बलाला केंद्रत्यागी म्हटलं होतं. तुम्ही म्हणता असलं बलच नसतं, आभासी असतं. मग त्याग कोण करतं?" वर्ग पुन्हा हसला, कारण 'त्याग' शब्द ती एखाद्या स्वामींच्या प्रवचनातल्यासारखा म्हणाली होती. प्रतीक्षानं उत्तर दिलं. दरवर्षीचंच उत्तर, तोंडाला पाठ होतं. फिरणाऱ्या वस्तूच्या आत जो बसलेला असतो ना, त्याला वाटतं आपल्याला कुणीतरी बाहेर ढकलतंय. बाहेरून बघणाऱ्याला तसलं काही दिसत नाही. बाहेरून दिसते फक्त आत ओढणारी दोरी. शिवगंगानं मान डोलावली, पण बसली नाही. "म्हणजे आतल्याला जे वाटतं ते खोटं?" घंटा झाली. घंटा झाली म्हणून बरं झालं, की झाली नसती तर बरं झालं असतं, हे तिला स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसेपर्यंत ठरवता आलं नाही. तर्जनीवर दोरीचा वळ उठला होता. तिनं तो दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबून पाहिला. दुखत नव्हतं.

तिला लहानपणी हुलसूरच्या मराठी शाळेत शिकवलेला शब्द वेगळा होता, केंद्रोत्सारी. परीक्षेत लिहिताना तिची नेहमी गफलत व्हायची, 'त्स'चा 'च्छ' व्हायचा आणि बाई लाल रेघ मारायच्या. त्या शब्दात कुणी कुणाचा त्याग करत नव्हतं. नुसतं सरणं होतं, जरा बाजूला झाल्यासारखं. बाईमाणसानं जागा द्यावी तसं. घरी परतताना, बाजाराच्या रस्त्यानं, फुलवाल्यांच्या टोपल्यांपाशी ती नेहमीसारखी रस्ता ओलांडून पलीकडं गेली. मोगऱ्याचा वास तिला सहन होत नव्हता. गेल्या दसऱ्याला आपल्या लेकाला, माउलीला, गावी ठेवून आली तेव्हा सासूच्या शेजारच्या चंद्रम्मानं सांगितलं होतं, दूध आटवायचं तर मल्लिगेची फुलं बांध छातीला, गोळी नको, काही नको, दोन दिवसांत कोरडी होशील. तिनं बांधली होती. रात्रभरात अंगाच्या उष्णतेनं फुलं तपकिरी पडायची, सकाळी सोडवताना त्यांचा चोथा झालेला असायचा, आणि वास मात्र गोडच, चिकट, उशीपर्यंत गेलेला. कॉलेजात शिकवताना कुठूनतरी बाळ रडल्याचा आवाज आला की तेव्हा पदर ओला व्हायचा. ती फळ्याकडं तोंड करून लिहीत राहायची. मग एक दिवस बाळ रडलं आणि पदर कोरडा राहिला. नक्की कुठल्या दिवशी, ते तिला आठवत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट थांबली आणि आपल्या लक्षातही आलं नाही, याचंसुद्धा तिला वाईट वाटेना. वाईट वाटायला हवं, एवढं फक्त कळत होतं.

माउली दहा महिन्यांचा होता तेव्हा. तोवर सासू, बाणूबाई, कलबुर्गीत त्यांच्या भाड्याच्या घरी येऊन राहिल्या होत्या. पण जिना चढून वरच्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्याची टाकी बघत दिवस काढणं त्यांना जमेना. गावी शेळ्या होत्या, मामंजी एकटे होते, जोंधळा पेरायचा होता. "मी न्हेते लेकराला," त्या म्हणाल्या होत्या. "दिवाळीपस्तोर. तवर तू तुजी शाळा सांभाळ." कॉलेजला त्या शाळाच म्हणायच्या. दिवाळीला माउलीला सर्दी होती, म्हणून राहिला. संक्रांतीला थंडी होती, म्हणून राहिला. दोन्ही वेळा प्रतीक्षा आणायला गेली आणि दोन्ही वेळा तो झोपलेला असताना, त्याला कळू न देता, चपला हातात घेऊन बाहेर पडली. तिकडं रीतच होती तशी. लेकराला सोडून जायचं तर निजल्यावर जायचं, म्हणजे ते रडत नाही, आणि जाणारीलाही बरं. आणि आता चार दिवसांमागं फोनवर बाणूबाई म्हणाल्या होत्या, शाळेत जाईस्तोवर इथंच राहू दे की, रमलाय. तिचा नवरा सुनीलकुमार तुरीच्या डाळ मिलमध्ये हिशेबाला होता, संध्याकाळी भुवयांवर पिवळी धूळ घेऊन यायचा. तो चहा पिताना म्हणाला होता, "तू ठरव गं. आईनं तर ठरवलंय. मी कुणाकडून बोलू?" आणि हसला होता, कारण त्याला वाईट वाटलं की तो हसायचा. म्हणजे या शनिवारी जायचं, आणि यावेळी माउली आला नाही तर मग येणारच नव्हता. शाळेच्या दप्तरासकट एखादा अनोळखी पोरगा येईल, नावापुरता तिचा.

घरी आल्यावर तिनं कपडे मशीनला लावले आणि मशीनसमोरच्या पाटावर बसून राहिली. हे तिचं रोजचं झालं होतं. कपडे पिळायचा फेरा सुरू झाला की ती काचेतून बघायची. आधी कपडे गडबडतात, पडतात, मग वेग धरला की सगळे भिंतीला चिकटतात आणि मधली जागा रिकामी होते. एक काळंभोर भोक. पाणी बाहेर फेकलं जात नाही, हे तिला माहीत होतं. भिंत कापडाला धरते, भिंतीतली भोकं पाण्याला धरत नाहीत, एवढंच. पाणी जातं, कारण त्याला कुणी धरलेलं नसतं. मशीन थरथरू लागलं की ती थरथर पाटातून तिच्या मांड्यांत यायची, आणि दिवसभरात अंगाला काही जाणवायचं तर ते तेवढंच.

खालच्या मजल्यावर घरमालकीण इंदुताई राहायच्या, निवृत्त शिक्षिका. मशीनचा आवाज ऐकून त्या वर आल्या. "पुन्हा त्या मशीनसमोर? सिनेमा लागलाय काय त्यात?" त्या उंबऱ्यावर टेकल्या. "शनिवारी चाललीस ना? मग आण त्याला. मी काय करते गं दिवसभर? आमचे भीमसेनराव पेपर वाचतात आणि मला मोठ्यानं ऐकवतात. त्यापेक्षा लेकराचं रडणं बरं, त्यात निदान रोज नवीन काहीतरी असतं." प्रतीक्षा म्हणाली, "तो मला ओळखेल का, ताई?" हे ती म्हणाली तेव्हा तिचा स्वर एखादं गणित विचारावं तसा होता. "नाही ओळखलं तर ओळख करून घे," त्या म्हणाल्या. "आमच्या वर्गात नवीन मुलं आली की आम्ही तेच करायचो." मग त्यांनी गुडघ्यावर हात देऊन उठत विचारलं की माउली मऊ भात खातो की भाकरी चुरून, आणि प्रतीक्षाला ते माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळच्या गाडीला बायकांचीच गर्दी होती. बायकांना तिकिटाला पैसे पडत नाहीत तेव्हापासून सगळ्या माहेरं आठवून निघतात, असं कंडक्टर म्हणत होता, आणि मागची एक बाई त्याला म्हणाली, "तुमची बायकू बी निघाली आसंल बगा, घरी जाऊन बगा आधी." गाडी हसली. कंडक्टर हसत हसत शून्य रुपयांची तिकिटं फाडत पुढं गेला. प्रतीक्षानं आपलं तिकीट घडी करून मुठीत धरलं. हुमनाबादच्या पुढं रस्ता वळणं घेऊ लागला तेव्हा शेजारच्या बाईचं सगळं अंग तिच्यावर रेललं, मग पुढच्या वळणाला तिचं त्या बाईवर. बाई म्हणाली, "ढकलू नगं की गं." "मी नाही ढकलत," प्रतीक्षा म्हणाली, आणि तिला वाटलं हे वाक्य आपण कधीपासून म्हणायचं ठेवून दिलं होतं. दोन्हीकडं जोंधळा कापणीला आला होता. कुठंकुठं माळ्यावर उभं राहून कुणी गोफण फिरवत होतं. मामंजींचीही गोफण होती, लोकरीची, काळ्या-पांढऱ्या विणीची. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं हौसेनं ती हातात घेऊन पाहिली होती. एक टोक बोटात अडकवलेलं असतं आणि दुसरं मुठीत. सुटतं ते दुसरं. दगड निघून जातो आणि गोफण हातातच राहते, हलकी, लुळी. तेव्हा ती भौतिकाची म्हणून दगडाच्या वाटेकडं बघत राहिली होती. गोफणीकडं कुणी बघत नाही.

बाणूबाई अंगणात सुपानं जोंधळे पाखडत होत्या. "आलीस व्हय? बस. पाणी पी आधी. कामून एवढी वाळलीस गं माय, तिथं खायलीस का न्हाई?" त्यांच्या लुगड्याच्या मागून माउली बाहेर आला. तो चालत होता. चालतो हे तिनं फोनवर पाहिलं होतं, पण फोनमध्ये पावलांचा आवाज नव्हता. मातीवर तळव्यांचा तो थप थप आवाज तिला ठाऊक नव्हता. तो तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला, तिच्या चेहऱ्याकडं, मग पायांकडं बघितलं, आणि परत जाऊन डब्याचं एक झाकण घेऊन आला. ते त्यानं तिच्या हातात दिलं. पाहुण्याला पाणी द्यावं तसं. तिनं झाकण घेतलं. "ये," ती म्हणाली. तो परत लुगड्यामागं गेला. बाणूबाई हसल्या. "समद्यायलाच देतोय त्यो. परवा कोंबडीला देऊलालता."

कुंपणापलीकडून चंद्रम्मानं डोकं वर काढलं. तिच्या घरात कन्नडच. बाणूबाईंशी ती मराठी बोलायची, पण लेकराशी आपल्याच बोलीत. "नोडु, यार बंदारा!" ती माउलीला म्हणाली, बघ, कोण आलंय. तो लाजला. मग तिनं खेळ केला. "आयी यल्लि? आयी यल्लि?" आयी कुठाय? माउलीनं लगेच बोट केलं, बाणूबाईंकडं, आणि स्पष्ट, ठणठणीत म्हणाला, "आई."

प्रतीक्षाच्या हातात झाकण होतं. ते तिनं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. चंद्रम्माच्या कन्नडमध्ये आयी म्हणजे आजी. हे या पट्ट्यात वाढलेल्या पोरीला सांगायला नको. शाळेत असताना कन्नड मैत्रिणीच्या आईला आई म्हटलं म्हणून त्या घरच्या म्हातारीनं 'ओ' दिली होती आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. मागच्या आठवड्यात सुनीलकुमार फोन कानाला लावून नाचला होता. "अगं, आई म्हणायलाय! तुला हाक मारायलाय, ऐक!" तिनं ऐकलं होतं. आठवडाभर तो आवाज तिनं कुठंतरी ठेवला होता, न बघता, जसं लोणचं मुरायला ठेवतात. आता तो मूळचा कुणाला होता ते कळलं. आणि काही झालं नाही. छातीत कळ आली नाही, डोळे भरले नाहीत. तिला एवढंच सुचलं की शब्द बरोबर आहे. पोरानं काही चूक केलेली नाही.

जेवणं झाल्यावर बाणूबाईंनी माउलीला मांडीवर घेतलं. "दुपारच्या गाडीनं जायलीस न्हवं? निजवते त्याला. निजला की नीघ."

"आत्या, या बारीला न्हेते त्याला."

मांडी हलत होती ती थांबली. "न्हेते म्हंजे?"

"न्हेते. कलबुर्गीला."

"अन् तू शाळंत गेल्यावर?"

"खाली इंदुताई हाईत. दुपारपस्तोर त्या बघतेत, मग मी येते."

"परकी बाई." बाणूबाई एवढंच म्हणाल्या. माउली त्यांच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांशी खेळत होता. मणी त्याच्या मुठीतून सोडवत त्या म्हणाल्या, "माजं काई चुकलं का गं?"

"न्हाई, आत्या."

"मग आता कामून? दोन बारीला आलीस. हितंच ठेवून गेलीस. रडली बी न्हाईस. मी कवाडातनं बगायलते. पाठमोरी सरळ चालत गेलीस, वळून बी बगितली न्हाईस." त्यांचा आवाज चढला नव्हता, जोंधळ्यातला खडा निवडावा तसा एकेक शब्द त्या बाजूला काढत होत्या. "मला वाटलं, हिला बरंच हाय. शिकलेली हाय, नोकरी हाय, हिला लेकराचं ओजं नको. मंग मी फोनवर म्हनलं, ऱ्हाऊ दे हितंच. तुजं सोपं करायला म्हनलं मी."

प्रतीक्षाला सांगायचं होतं की मला वाटलं, तुम्हीच ठेवून घेताय. मला वाटलं, कुणीतरी मला बाहेर ढकलतंय. दिवाळीला थोडं, संक्रांतीला थोडं. आणि ढकलणारं कुणी नव्हतंच. दोघी आपापल्या जागी उभ्या राहून समोरचीनं ओढण्याची वाट बघत होत्या आणि मध्ये लेकरू फिरत होतं. एवढं सगळं तिच्या डोक्यात नीट, व्याकरणासकट उभं राहिलं. तोंडातून आलं ते इतकंच, "मला रडाया येत न्हाई, आत्या. दूध आटलं तवापासून."

बाणूबाईंनी तिच्याकडं पाहिलं. जवळ बोलावलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. त्या तसल्या नव्हत्या. माउलीचा घट्ट झालेला अंगरखा त्यांनी ओढून सारखा केला. "निजल्यावर न्हे मंग," त्या म्हणाल्या. "जागा न्हेलीस तर गाडी डोक्यावर घील."

"जागाच न्हेते."

"रडंल."

"रडू द्या. कुटं चाललोय ती त्याला दिसू द्या."

मग बाणूबाई उठल्या. त्यांनी त्याचं तोंड धुतलं, काजळ घातलं, एका पिशवीत त्याचे कपडे भरले, वर फडक्यात बांधून दोन मऊ भाकरी ठेवल्या. पिशवी भरताना त्या बोलत होत्या, कुणाला म्हणून नाही: दूध पेल्यानं पीत नाही, वाटीनं पितो, कढी घातली की भात खातो, मांजराला भितो पण दाखवत नाही, रात्री अंगावर हात ठेवावा लागतो, हात काढला की उठतो. "जड हात ठिवायचा," त्या म्हणाल्या. "हळू ठिवलास तर उमगतंय त्याला."

थांब्यावर गाडी उभीच होती. प्रतीक्षा आत जाऊन खिडकीपाशी बसली आणि बाणूबाईंनी त्याला खालून खिडकीतून वर दिलं, दोन्ही हातांवर, जत्रेत मूर्ती वर द्यावी तसं. तोपर्यंत तो मजेत होता. गाडीला घरघर लागली तशी त्याला समजलं. तो वळला. त्यानं गजाला दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडला, "आई!"

"ओ," बाणूबाई खालून म्हणाल्या.

"ओ," प्रतीक्षा म्हणाली.

दोन्ही एकाच वेळी आले. ती का बोलली, तिला कळलं नाही, तोंडातून गेलं. माउलीनं खाली बघितलं, मग मान वळवून तिच्याकडं बघितलं, खोटं बोललेल्या माणसाकडं बघावं तसं, आणि मग जो रडायला लागला तो बसवकल्याणच्या वाटेवर तीन गावं मागं पडली तरी थांबला नाही. खालची बाई केव्हा लहान झाली, केव्हा दिसेनाशी झाली, ते तिनं पाहिलं नाही. तिच्या दोन्ही हातांना काम होतं. तो पाय झाडत होता. पाठ कमानीसारखी ताठ करून तिच्या मांडीवरून निसटू बघत होता. पुढच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "कुणाचं लेकरू हाय गं ही? आईसंगं पाटवायचं न्हवं." "माजंच हाय," प्रतीक्षा म्हणाली. म्हातारीला ते पटलेलं दिसलं नाही. तळ्याच्या कडेचं मोठं वळण आलं तेव्हा त्याचं सगळं वजन खिडकीकडं गेलं, तिच्या कल्पनेपेक्षा जड, भरलेल्या घागरीसारखं, आणि तिनं डावा हात त्याच्या पोटाभोवती आवळून त्याला आत धरलं. त्यानं त्या हातावर मुठी मारल्या, मग दात लावले. दात आले होते त्याला, वर चार, खाली दोन. दुखलं. मनगटापासून कोपरापर्यंत दुखलं, आणि वळण संपलं तरी तिनं हात सैल केला नाही.

केव्हातरी त्याचे हुंदके लांब लांब होत गेले. डोकं तिच्या दंडावर कलंडलं. काजळ गालावर पसरलं होतं, ओठ अजून थरथरत होते. त्याच्या घामाला धुराचा, जोंधळ्याच्या पिठाचा वास होता. तिच्या घरचा नव्हता. तिनं दुसरा हात त्याच्या छातीवर ठेवला, जड. हाताखाली त्याचा जीव भरभर वरखाली होत होता. डाव्या हाताला आधी मुंग्या आल्या, मग तो लाकडासारखा झाला, मग त्याच्यात पुन्हा सुयांवर सुया टोचू लागल्या. पर्समध्ये फोन वाजू लागला. सुनीलकुमार असणार, आणलंस का म्हणून विचारत असणार. पर्स पायाशी होती. वाकायचं तर हात काढावा लागला असता.

फोन वाजत राहिला. शेजारची बाई म्हणाली, "आवं ताई, तुमचा फोन." प्रतीक्षा म्हणाली, "वाजू दे."